वाचकांचे प्रश्न : चित्रातला रंग, अंगावरचे कापड

चित्र पाहून पेहराव कसा जुळवावा, या विषयावर आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : ताई, आमच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात यंदा ‘चित्रातून पेहराव’ असा एक दिवस ठेवला आहे. आम्ही पाच मैत्रिणी आहोत आणि प्रत्येकीला फार तर ८०० रुपये खर्च करता येतील. बहुतेक मुली व्हॅन गॉगच्या चांदण्या रात्रीचे छापील टी-शर्ट मागवत आहेत. आम्हाला तसे नको आहे, पण वेगळे काय करावे हेही सुचत नाही. (विद्यार्थिनी, जुळे सोलापूर)

उत्तर : तुम्हाला तसे नको आहे, हेच मला आवडले. छापील टी-शर्ट घालणे म्हणजे भिंतीवरचे कॅलेंडर काढून गळ्यात अडकवणे होय. त्यात घालणारीने स्वतः काही जुळवलेले नसते. चित्रावरून पेहराव करायचा तर चित्रातल्या आकृत्या सोडून द्या आणि त्या चित्रात कोणता रंग किती आहे आणि उजेड कुठून येतो आहे, या दोनच गोष्टी उचला.

त्यासाठी चित्र मोबाईलवर उघडा, हात लांब करून धरा आणि डोळे किलकिले करा. नाक, बोटे, पाने असे बारकावे पुसले जातात आणि रंगांचे तीन-चार ढोबळ पट्टे तेवढे उरतात. आता आजीच्या पद्धतीने सोळा आण्यांत हिशेब मांडा. हातात दिवा घेऊन उभ्या असलेल्या स्त्रीचे ते प्रसिद्ध चित्र घ्या, जे घरोघरी रविवर्म्याचे म्हणून सांगितले जाते. प्रत्यक्षात ते सावंतवाडीत जन्मलेल्या सावळाराम हळदणकरांचे जलरंगातले चित्र असून त्यासाठी त्यांची मुलगीच उभी राहिली होती. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. त्यात साडीची जांभळट छटा साधारण सात आणे, मागचा अंधार सात आणे आणि दिव्याचा पिवळा-केशरी उजेड जेमतेम दोन आणे भरतो. पण पाहणाऱ्याची नजर जाते ती त्या दोन आण्यांवरच, कारण बाकीचे चौदा आणे गप्प बसलेले आहेत.

हे अंगावर कसे आणायचे? आईच्या कपाटातली एखादी फिकट जांभळी, बिनकाठाची साडी घ्या आणि तिच्यावर काळपट गडद ब्लाउज घाला. पिवळा-केशरी रंग फक्त एका हातातल्या बांगड्यांत आणि गळ्यालगतच्या बारीक पट्टीत येऊ द्या, कारण चित्रात उजेड तळहाताशी सुरू होऊन हनुवटीकडे चढतो. येथे एक मोह हमखास होतो, तो म्हणजे ‘उठून दिसावी’ म्हणून त्याच साडीला सगळीकडून सोनेरी लेस लावण्याचा. लेस लागली की उजेड चारही बाजूंनी येऊ लागतो आणि मग दिवा हातात धरला काय न धरला काय, सारखेच.

कापड घेताना आणखी एक गोष्ट सांभाळा, आणि ती विणकरांच्या गावातल्या मुलींना मी मुद्दाम सांगते. पॅरिसच्या गोबलँ या चित्रजवनिका, म्हणजे विणीतून चित्र उमटवलेले पडदे, करणाऱ्या कारखान्यात शेव्हरल नावाचे रसायनशास्त्रज्ञ रंगाई खात्याचे प्रमुख होते. काळा रंग नीट चढत नाही, फिका दिसतो, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी तपासले तेव्हा रंगात काहीच खोट निघाली नाही. काळ्या धाग्याशेजारी निळे आणि जांभळे धागे विणले जात होते आणि त्या शेजारामुळे काळा मलूल दिसत होता. एक रंग शेजारच्या रंगाला कसा बदलून दाखवतो याचा नियम त्यांनी १८३९ साली ग्रंथरूपाने मांडला आणि पुढे फ्रान्सच्या चित्रकारांनी तो आपल्या कामात वापरला. म्हणजे मागावरचे शहाणपण चित्रात गेले. तुम्ही ते परत कापडावर आणता आहात एवढेच. त्यामुळे ओढणी एका दिवशी आणि कुर्ता दुसऱ्या दिवशी असे घेऊ नका. दोन्ही कापडे एकावर एक टाकून पाहा. मधला मारुतीच्या बाजारात दुकानदाराला विनंती करा आणि ठाण दुकानाच्या पायरीवर, दिवसाच्या उजेडात आणून बघा. ट्यूबलाइटखाली तंतोतंत जुळलेले दोन जांभळे रंग बाहेर आल्यावर एक निळसर आणि एक तपकिरी निघालेले मी स्वतः पाहिले आहेत, आणि ते दोन्ही माझ्याच पिशवीत होते.

उरलेल्या चौघींचे काम सोपे आहे. व्हर्मीरच्या मोत्याचे कानातले घातलेल्या मुलीसाठी निळ्या कापडाचा डोक्याला गुंडाळलेला फेटा, त्यातून मागे लोंबणारे पिवळे टोक, मातकट पिवळसर कुर्ता, गळ्याशी पांढऱ्या कॉलरची बारीक कड आणि एकच ठसठशीत मोती पुरतो. मोती खरा असण्याची मुळीच गरज नाही. होकुसाईच्या लाटेसाठी पांढरा सुती कुर्ता आणि गडद निळी ओढणी घ्यावी. त्या चित्रात फुजी पर्वत लाटेच्या पोटाशी इवलासा दिसतो, म्हणून कानात छोटे त्रिकोणी डूल असावेत, बाकी काही नको. क्लिम्टच्या ‘चुंबन’ या चित्रात सोन्याचा वर्ख आहे, त्यामुळे जिच्या घरी जुनी जरीची ओढणी असेल तिने ते घ्यावे. आणि पाचवीने खुशाल चांदणी रात्रच घ्यावी, फक्त न छापता : गडद निळ्यावर फिकट निळे, आणि पिवळा केवळ कानांत आणि केसांत. तुमचा खर्च ८०० च्या आतच राहील, कारण निम्मे कपडे घरातच सापडतील.

प्रश्न : मी अशोक चौकाजवळ शिवणकाम करते. एका गिऱ्हाईक ताईंनी मोंद्रियान नावाच्या चित्रकाराच्या चित्राचा फोटो आणून दिला आहे. पांढऱ्यावर काळ्या रेघा आणि लाल, निळे, पिवळे चौकोन आहेत. त्यांना तसाच कुर्ता हवा आहे. मी पांढऱ्या कापडावर काळ्या पट्ट्या वरून शिवून पाहिल्या, पण छातीजवळ रेघ वाकडी होते आणि टक्स घेतला की चौकोनच मोडतो. काय करावे?

उत्तर : बाई, तुम्ही अगदी नेमक्या जागी अडला आहात, आणि १९६५ साली पॅरिसचे पोशाखकार इव्ह सँ लोराँ यांच्यासमोर हाच पेच होता. मोंद्रियानच्या चित्रांवरून त्यांनी लोकरी जर्सीचे पोशाख केले, ते आजही संग्रहालयांत जपलेले आहेत. लांबून पाहणाऱ्याला वाटते की सरळ पांढऱ्या झग्यावर रेघा ओढल्या आहेत. प्रत्यक्षात प्रत्येक चौकोन वेगळा कापून जोडलेला आहे आणि अंगाला बसवण्यासाठी जेवढे कापड कमी करावे लागते तेवढे सगळे त्या काळ्या रेघांच्या जोडांत लपवले आहे. म्हणजे टक्स आहे, पण तो दिसत नाही. तुम्ही आधी कुर्ता बेतून वरून पट्टी लावलीत, म्हणून अडचण आली. येथे रेघ आधी आणि कुर्ता नंतर.

पहिल्यांदा मांजरपाटाचा साधा कुर्ता, टक्ससकट, त्या ताईंच्या मापाने शिवून त्यांच्या अंगावर चढवा. मग पेन्सिलीने अंगावरच रेघा आखा. एक उभी रेघ छातीच्या उंचवट्यावरून खाली न्या आणि एक आडवी रेघ त्या उंचवट्यालगत बाजूच्या शिलाईपर्यंत न्या. आता बाजूचा टक्स उसवून त्यात जेवढे कापड मुडपले होते तेवढे आडव्या रेघेत घालवा, आणि कमरेच्या टक्समधले उभ्या रेघेत. हे झाले की मांजरपाट रेघांवरून कापून टाका. प्रत्येक तुकड्यावर क्रमांक घाला आणि उभ्या धाग्याची दिशा बाणाने दाखवा. हे तुकडे म्हणजेच तुमचा फर्मा. प्रत्येक बाजूला अर्धा इंच मार्जिन सोडून कापड बेता. काळी पट्टी तयार झाल्यावर एक इंच दिसायला हवी असेल तर ती दोन इंच कापावी लागेल, कारण दोन्हीकडून अर्धा-अर्धा इंच आत जाणार. पट्टी उरेब, म्हणजे तिरकी, कापू नका. उरेब पट्टी गळ्याला चांगली, येथे ती ताणली जाते आणि रेघ लाटेसारखी होते. प्रत्येक जोड शिवल्याबरोबर इस्त्री करा आणि मार्जिन नेहमी काळ्याच्या बाजूला दुमडा, नाही तर पांढऱ्याखालून काळी सावली दिसत राहील.

कापडाबद्दल सांगायचे तर चारही रंगांचे आणि पांढरे कापड एकाच जातीचे, शक्यतो सुती पॉपलीन, घ्या आणि कापण्यापूर्वी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा. आपल्या गावात शाळांच्या गणवेशांचा एवढा मोठा धंदा असल्याने लाल, निळ्या आणि काळ्या रंगाचे कटपीस मिळायला अडचण येऊ नये. लाल कापडाची मात्र परीक्षा घ्या. त्याचा तुकडा ओला करून पांढऱ्या कापडावर ठेवा आणि वरून गरम इस्त्री दाबा. खाली गुलाबी डाग उमटला तर ते कापड परत करा आणि मिठाच्या पाण्याच्या भरवशावर राहू नका. मी एकदा राहिले होते. पहिल्या धुण्यात सगळे पांढरे चौकोन बडीशेपेच्या गोळीसारखे गुलाबी झाले, आणि तो कुर्ता पुढे दोन वर्षे मी फक्त घरात वापरला.

ताईंना फोटो कोणता आवडला आहे तेही नीट विचारा. मोंद्रियानच्या १९३० सालच्या प्रसिद्ध चित्रात उजवीकडे वर लाल रंगाचा एकच प्रचंड चौकोन आहे, डावीकडे खाली निळा छोटा आहे आणि पिवळा तर उजव्या कोपऱ्यात चिमूटभर आहे. तिन्ही रंग सारखे वाटून दिलेत तर ते चित्र राहणार नाही, लुडोचा पट होईल. आणि या कामाची शिलाई साध्या कुर्त्याची लावू नका. तुकडे मोजा, जोड मोजा आणि भाव आधीच सांगून मोकळ्या व्हा.

प्रश्न : माझ्या आजेसासूबाईंचे नऊवारी इरकल लुगडे आमच्याकडे आहे. लाल टोप पदर अजून चांगला आहे. लेकीचा आग्रह आहे की ते कापून ‘रविवर्मा गाऊन’ शिवावा आणि तो आमच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला मी घालावा. मन होत नाही. तुम्ही काय सांगाल? (गृहिणी, वय ६२, रेल्वे लाईन्स)

उत्तर : काकू, आपले मन होत नाही ते बरोबर आहे, आणि कारण केवळ भावनेचे नाही. रविवर्म्याच्या बायका आपल्याला ज्या डौलामुळे आठवतात तो डौल न कापलेल्या, न शिवलेल्या लांबलचक वस्त्राचा आहे. निऱ्या कुठे सुटतात, पदर खांद्यावरून कसा ओघळतो, घडीच्या कडेवर उजेड कसा थांबतो, हेच त्याने तैलरंगात रंगवले. १८९९ च्या हंस-दमयंतीच्या चित्रातून तांबडी साडी वजा केली तर हंस आणि खांब उरतील. गाऊन शिवला की ओघळ संपला. मग त्याला नाव रविवर्म्याचे का द्यावे, हे निदान मला तरी कळत नाही.

लुगडे नेसता येईल का, ते मात्र आधी पाहावे लागेल. इरकलीत पदराचा ताणा (उभे धागे) अंगाच्या ताण्याला फासे घालून जोडलेला असतो. पदर आणि अंग जिथे भेटतात ती जागा खिडकीसमोर धरून बारकाईने पाहा. त्यानंतर जुन्या घड्यांच्या रेघा पाहा. वर्षानुवर्षे एकाच घडीवर राहिलेले कापड त्या रेघेवर फाटते. उजेड चाळणीतून आल्यासारखा ठिपक्याठिपक्यांनी आला, तर ते लुगडे ताणून नेसू नये. मऊ सुती सहावारी नेसून तो टोप पदर खांद्यावरून मोकळा सोडावा. लुगडे धडधाकट असेल तर सरळ नऊवारी नेसा. पदर पिनांनी चापूनचोपून बसवू नका, कारण पिनांनी पहिले छिद्र पडते आणि डौलही जातो. दागिने घरचेच, जुने आणि थोडे असावेत.

लेकीची हौस राहू नये म्हणून एक सुचवते. रविवर्म्याचे ‘गायिका-वादिकांचा मेळा’ म्हणून ओळखता येईल असे एक चित्र आहे. त्यात देशाच्या निरनिराळ्या भागांतल्या अकरा स्त्रिया आपापल्या पेहरावात एकत्र जमलेल्या आहेत. घरच्या आणि शेजारच्या अकरा बायका जमवणे आपल्या गावात अवघड नाही. सोलापुरात एकाच गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी घरे असतात. प्रत्येकीने आपल्या घरची नेसण नेसावी, कुणीही कुणाची उसनी नेसू नये. मधोमध आपण, लाल पदराच्या लुगड्यात. छायाचित्र काढणाऱ्याला एवढेच सांगा की फ्लॅश बंद ठेव आणि सगळ्यांना एका बाजूच्या खिडकीकडे बसव.

प्रश्न : विजापूर रोडवर माझे छोटे बुटीक आहे. चित्रकार हुसेन आपल्याच जिल्ह्यातल्या पंढरपूरचे. त्यांचे घोडे कुर्त्यांवर छापून विकले तर चालेल का?

उत्तर : परवानगीशिवाय चालणार नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे हक्क वारसांकडे किंवा हक्कधारकांकडे राहतो. हुसेन २०११ साली गेले, म्हणजे २०७१ संपेपर्यंत थांबावे लागेल. वर उल्लेखलेले हळदणकर १९६८ साली गेले. त्यांचा दिवाही २०२८ अखेरपर्यंत छापता येणार नाही. रविवर्मा १९०६ साली आणि अमृता शेरगिल १९४१ साली गेल्यामुळे तेथे अडचण नाही. हा नियम छापण्याचा आहे. एखाद्या चित्रातला तांबूस आणि काळा पाहून तुम्ही तांबूस कुर्त्यावर काळी ओढणी विकलीत तर तुम्हाला कुणी अडवणार नाही. खरे तर गिऱ्हाइकालाही तेच जास्त शोभेल.

प्रश्न : माझ्या मित्रमंडळींच्या ‘कलाकृती आणि पोशाख’ या कार्यक्रमात मला सोलापुरी चादरीचे जाकीट घालून जायचे आहे. मित्र हसतात, चादर ही कलाकृती कशी, असे म्हणतात. दुसरा विचार गड्ड्याच्या यात्रेतली बाराबंदी घालण्याचा होता. कोणते योग्य? (बँक कर्मचारी, होटगी रोड)

उत्तर : बाराबंदी राहू द्या. सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वज पेलणारे मानकरी आणि भक्त जी पांढरी बाराबंदी घालतात ती व्रताची आहे. ती अशा कार्यक्रमात घालून मिरवावी असे मला वाटत नाही. आपण यात्रेत घालत असाल तर तेथेच घाला.

चादरीचे मात्र जरूर करा, आणि हसणाऱ्यांना एखाद्या कारखान्यात घेऊन जा. नक्षीकार आधी चौकटीच्या कागदावर चित्र काढतो आणि एकेक चौकट रंगाने भरतो. त्या कागदावरून पुठ्ठ्यांना भोके पाडली जातात. जिथे भोक तिथे धागा उचलला जातो, जिथे नाही तिथे तो खालीच राहतो. फ्रान्समधल्या जकार्डने १८०४ च्या सुमारास लावलेली ही युक्ती आहे आणि तिच्यामुळेच चादरीवरचा मोर सलग वक्ररेषेत न येता पायऱ्यापायऱ्यांनी येतो. जवळून पाहा : मोराची मान म्हणजे जिना असतो. तोच जिना चार हात लांबून गोलाई होतो. ही चित्रकलाच आहे. फक्त येथे कुंचला पुठ्ठ्याचा आहे.

आता जाकिटाविषयी. भोक पडलेली किंवा एका बाजूने विरलेली चादर घ्या. कोरी कापायला हात धजत नाही आणि धजूही नये. दुहेरी विणीच्या चादरीच्या उलट बाजूला रंगांची अदलाबदल झालेली असते, म्हणून अस्तर लावू नका. कॉलर आणि बाह्यांची टोके उलटवून ती बाजू दिसू द्या. कापताना नक्षी मुंढ्यात अर्धवट तुटू नये म्हणून मोर पाठीवर पूर्ण येईल असा बेत करा आणि पुढचे दोन्ही भाग किनारीच्या साध्या पट्ट्यांतून काढा. कापल्याबरोबर कडांना ओव्हरलॉक करा, कारण ही वीण कात्री लागली की सुटते. शिलाई दुमडून घेतली तर जाड वळकटी होते. त्याऐवजी दोन कडा एकमेकींवर सपाट ठेवून शिवा आणि वरून सुती पट्टी लावा. मशिनला १६ किंवा १८ नंबरची सुई आणि लांब टाका हवा. खाली पँट एकरंगी असावी आणि तिचा रंग चादरीतल्या सर्वांत कमी वापरलेल्या रंगाचा असावा. पुन्हा तोच दोन आण्यांचा हिशेब.

कार्यक्रम डिसेंबर-जानेवारीत असेल तर जाकीट सुखाचे होईल. एप्रिलमध्ये असेल तर बिनबाह्यांचे शिवा. चादरीच्या कोपऱ्यात कारखान्याचे नाव विणलेले असते. तो तुकडा फेकू नका, आतल्या खिशावर तोच लावा, आणि मित्र पुन्हा हसले की जाकीट उघडून दाखवा.